सात वाजताचा बोका

बाय, तू फोनवर विचारलंस, "मावशी, घेऊ की नको?" मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर तुला मध्येच रडू येतं आणि सांगायचं ते राहून जातं. तर हे सावकाश वाच. ज्या साखरेच्या, म्हणजे मधुमेह झालेल्या, बोक्याला कोणी घरात घेत नाही, त्याला घ्यायचं की नाही हे मनाला विचारू नकोस, घड्याळाला विचार. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, या दोन्ही वेळांना तू किंवा घरातलं दुसरं कोणी तरी नक्की घरात असता का? रोज? चवथीलाही? शेजारी लग्न असलं तरी? असलात तर पुढे वाच. नसलात तर एखादं धडधाकट पिल्लू बघ. त्यात कमीपणा काही नाही.

आधी कुत्रा गेला आणि वर्ष भरायच्या आत मांजरी गेली. शेवटच्या दिवसांत तू तिला कातडीखाली सलाईन देत होतीस, सिरिंजने पातळ करून भरवत होतीस. आता तो जीव नाही, पण पहाटेची जाग तशीच आहे आणि हातांना काम नाही. लोक म्हणतात दुसरं आण, विसरशील. विसरायला म्हणून आणलेल्या जनावराचं नशीब खोटं. ते रोज मेलेल्याशी मोजलं जातं आणि रोज कमी भरतं. साखरेच्या मांजराची गोष्ट वेगळी आहे. त्याला पहिल्या दिवसापासून तुझी माया नको असते. त्याला वेळेवर सुई हवी, वेळेवर वाटी हवी. माया येईल तेव्हा येईल. आणि सुई धरायला तू शिकलीच आहेस, ती विद्या रिकामी बसली आहे.

किती दिवस थांबावं असंही विचारलंस. जनावराचं सुतक कुठे सांगितलेलं नाही, त्यामुळे बाराव्याला मोकळं होण्याची सोयही नाही. थांबायचं खरं कारण एकच असू शकतं. आधीचं मांजर पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे ज्याला लोक मांजराचा पार्व्हो म्हणतात त्याने गेलं असेल, तर तो विषाणू फरशीच्या सांध्यांत, जुन्या गोधडीत वर्षभरही टिकून राहतो. तुझी मूत्रपिंडाने गेली, तेव्हा तो प्रश्न नाही. तरी नव्याची लस झाल्याची खात्री कर. जुनी वाटी धुऊन वापर हवी तर. जुनं नाव मात्र देऊ नकोस.

आता आपल्या भागाची एक गोष्ट. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेली मधुमेहाची मोठी पाहणी २०२३ साली लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आली. देशाचा आकडा ११.४ टक्के आणि सगळ्या राज्यांत वर गोवा, २६.४ टक्के. म्हणजे कारापूर तिस्कावरून विठ्ठलापूरच्या देवळापर्यंत चालत गेलीस तर ज्यांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे अशी घरं तुला शोधावी लागणार नाहीत. मीही त्यांतलीच. सुईची भीती आपल्याकडे उरलेली नाही, हा फायदा. पण त्यातच धोकाही आहे. घरात इन्सुलिन आहेच तर तेच बोक्याला टोचू, असं कोणाच्या तरी डोक्यात येतंच. ते अजिबात करायचं नाही. माणसाचं ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन मांजराला पशुवैद्य देतात हे खरं, पण कोणतं, किती, हे तेच ठरवणार. मांजराचा डोस युनिट-दोन युनिटांच्या घरातला, कधी अर्ध्या युनिटाचा. तुझ्या सासऱ्यांचा एक वेळचा डोस बोक्याला मारून टाकील. फ्रिजमध्ये त्याच्या बाटलीला वेगळा डबा ठेव, झाकणावर लाल नेलपॉलिशने मांजराचे कान काढ. माझ्या फ्रिजमध्ये असेच दोन डबे आहेत आणि चष्मा नसला तरी मला फरक कळतो.

सिरिंजची गोष्ट तर पाठच करून ठेव. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिटं आणि १०० युनिटं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलंस तर एका युनिटच्या रेषेवर अडीच युनिटं येतात. साडेचार किलोच्या जिवाला एवढी चूक पुरते. औषधवाल्याकडे घाई असते, संपलं म्हणून दुसरं हातात ठेवतो. काउंटरवरच वाचून घे, घरी येऊन नको. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. गढूळ दिसलं तर टाकून दे. जे इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं ते कसं मिसळायचं हे डॉक्टरांना विचारून घे.

बोक्याला बघायला जाशील तेव्हा त्याला मांडीवर घेण्याआधी त्याचे कागद मांडीवर घे. साखर कधी कळली, कोणतं इन्सुलिन, किती, शेवटची तपासणी कधी, वजन तेव्हा किती आणि आज किती. कातडीच्या खाजेसाठी किंवा दम्यासाठी त्याला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती का, हे मुद्दाम विचार. त्याने साखर वर गेली असेल तर पुष्कळदा ती औषधं डॉक्टरांनी काढल्यावर खाली यायला लागते. दात बघ. हिरडी सुजलेली किंवा लघवीला जंतुसंसर्ग असला की इन्सुलिन धड लागू पडत नाही. आणि त्याला चालवून बघ. मागच्या पायांवर टाचा टेकून, बसल्यासारखा चालत असेल तर साखरेने नसांना इजा झाली आहे. घाबरू नकोस, साखर आटोक्यात आल्यावर काही महिन्यांत हे बऱ्याच मांजरांत सुधारतं. फक्त तोपर्यंत त्याने ओट्यावर उडी मारावी अशी अपेक्षा ठेवू नकोस. आसगावच्या इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यूसारख्या ठिकाणाहून घेतलास तर हे कागद आयते मिळतील. कोणाच्या पडवीतून उचललास तर आधी थेट पशुवैद्याकडे.

ज्या घराने त्याला सोडलं त्यांना शिव्या देऊ नकोस. घरात म्हातारं माणूस, नोकरी, लहान मूल आणि वर दिवसातून दोन सुया. सगळ्यांना जमत नाही. नाही म्हणणाऱ्याने निदान वेळेत नाही म्हटलं.

साखर असलेलं मांजर ओळखायचं कसं हे तुला ठाऊक आहे, तरी तुझ्या जाऊबाईंनाही वाचायला देशील म्हणून लिहिते. खूप पाणी पितं, खूप मुततं, खायला हावरं आणि तरी दिवसेंदिवस वाळत जातं. पडवीत त्याने केलेल्या जागेवर मुंग्यांची रांग लागते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही माणसाच्या लघवीला लागणाऱ्या मुंग्यांवरून हा रोग ओळखल्याचं आहे. जास्त करून होतो तो वय झालेल्या, नसबंदी झालेल्या, लठ्ठ, घरात बसून राहणाऱ्या बोक्यांना. म्हणून नसबंदी करायची नाही असं नव्हे. नसबंदीनंतर भात वाढवायचा नाही, एवढंच.

आता जेवणावर जरा जास्त लिहिते, कारण आपल्या घरांत गाडी तिथेच अडते. आपण मांजराला पेज घालतो, भात-हुमण कालवून घालतो, पावाचा तुकडा, वर दूध. बोका आवडीने खातो, म्हणून आपण समजतो ते त्याचं अन्न. मांजर जातीचं मांसाहारी. पिठूळ खाणं एका दमात पचवून रक्तातली साखर आवरायची, ही सोय त्याच्या यकृतात माणसासारखी नाही. तेव्हा भात, पेज, पाव, चपाती, बटाटा, दूध सगळं बंद. दुकानातलं कोरडं खाणंही बहुतेक पिठावरच तयार होतं. ओलं, मांसाचं, पूर्ण आहार म्हणून लिहिलेलं खाणं डॉक्टरांना विचारून घे. पण इथे एक गोम आहे. इन्सुलिन चालू असताना तू एका दिवसात भात काढून मांसावर आणलंस तर त्याची साखर झपाट्याने खाली येईल आणि जुना डोस त्याला जड जाईल. आधी डॉक्टरांना कळव, मग वाटी बदल, आणि वाटी बदलशील त्या दिवसांत रक्त जास्त वेळा तपास.

नुसती मासळी घालून भागेल असंही समजू नकोस. तारले, बांगडे तेलकट. रोज तेवढंच खाल्लं तर मांजराच्या अंगातली चरबी सुजण्याचा एक त्रासदायक आजार होतो. कच्ची मासळी तर अंगातलं एक जीवनसत्त्वही मारते. उकडून, काटे काढून, मूळ जेवणावर तोंडी लावणं म्हणून घाल. हुमणातलं नको, कांदा-लसूण मांजराला विषारी. आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा सांखळीच्या सोमवारच्या बाजारात मासळीचे भाव ऐकून माणूसच उपाशी राहील. बोक्याचा आहार त्या टोपलीवर टांगून ठेवू नकोस.

मग येतो श्रावण. तुमच्याकडे सासूबाईंचं कडक असतं, घरात अंडंही चढत नाही. बोक्याला श्रावण नाही, हे त्यांना आषाढातच सांगून ठेव, श्रावणात सांगशील तर वाद होईल. त्याची कढई वेगळी, चूल वेगळी, मागच्या पडवीत. सासूबाई मनाने वाईट नाहीत. षष्ठीचं, आपल्या सटवाईचं वाहन मांजर आहे, आणि मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं असं त्यांनीच तुला सांगितलं असेल. तेच त्यांना आठवण करून दे. शास्त्राने माणूस ऐकत नाही तिथे सटवाई उपयोगी पडते. चवथीला नेवऱ्या आणि पातोळ्यांची ताटं मात्र तूच झाकून ठेव. पाहुण्यांची मुलं लाडाने भरवतात.

सुई टोचणं सगळ्यात सोपं. त्याला वाटीवर बसव, तो खायला लागला की मानेमागची किंवा बरगडीजवळची सैल कातडी दोन बोटांनी उचल, सुई कातडीला समांतर धरून आत घाल, दाब, काढ. जागा रोज थोडी बदल. केस ओले लागले, औषधाचा वास आला, तर सुई पलीकडून बाहेर आली आणि औषध सांडलं. अशा वेळी दुसरी सुई मारायची नाही. किती आत गेलं हे कळत नाही तेव्हा पुढच्या सातची वाट बघायची. एक वेळ चुकल्याने फारसं काही होत नाही, दोनदा दिल्याने होतं. सातची सुई साडेसातला झाली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण सांजवातीशी तिचा मेळ घालू नकोस. आपल्याकडे मार्गशीर्षात सहाला सूर्य बुडतो, आषाढात सातनंतर. दिवा दिव्याच्या वेळी, सुई घड्याळाच्या.

तो जेवला नाही तर? नेहमीचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. म्हणून तर त्याचं जेवण तुझ्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. आपले बोके चार घरांचे असतात: आपल्याकडे पेज, शेजारी बांगड्याचं डोकं, तिसरीकडे दूध. हा तसा नको. घरातच ठेव, निदान पहिले काही महिने, आणि वाड्यावरच्या सगळ्या दारांत एकदा जाऊन सांग की ह्याला काही घालू नका. रागावून नको, हातात पाच केळी घेऊन जा.

साखर उतरली की काय होतं ते ओळखायला शीक. पाय लटपटतात, नजर हरवते, अंग थरथरतं, कधी एकदम खा-खा सुटते, मग झटके. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर लगेच खायला दे. खात नसेल तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना चोळ. घशात ओतू नकोस, फुप्फुसात जाईल. झटके येत असतील तर बोट दातांमध्ये घालू नकोस, ओठांच्या बाजूने हिरडीवर लाव. मग टोपलीत घालून डॉक्टरांकडे, तो उठून बसला असला तरीही. मधाची बाटली स्वयंपाकघरातल्या कपाटात नको, सिरिंजच्या डब्यात ठेव. रात्री दोन वाजता कपाट उघडून मध शोधणं जमत नाही. उलट बाजूची खूणही लक्षात असू दे: खाणं टाकलं, उलट्या, निपचित पडणं, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. ते रक्तात आम्ल वाढल्याचं लक्षण. त्यात सकाळपर्यंत थांबायचं नाही.

रक्त घरीच तपासायला शीक. स्कूटरवर टोपलीतून डिचोलीपर्यंत नेलेल्या बोक्याची साखर भीतीनेच चढते आणि त्या आकड्यावर डोस वाढवला तर घरी येऊन तो कोसळतो. चांगले डॉक्टर म्हणून फ्रुक्टोसामीन तपासतात. त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. घरी कानाच्या कडेच्या शिरेला बारीक टोचलं की थेंब येतो. आधी कान कोमट कपड्याने शेक. माणसाचं साखर मोजायचं यंत्र मांजराची साखर बऱ्याचदा खरीपेक्षा कमी दाखवतं, तेव्हा कोणत्या यंत्राने पाहिलं हे डॉक्टरांना सांग आणि यंत्र बदलू नकोस. खर्चाचं म्हणशील तर बाटलीपेक्षा पट्ट्या खिसा कापतात. रोज पिण्याचं पाणी मापून ठेवणं मात्र फुकट. सकाळी मापून ओत, दुसऱ्या सकाळी उरलेलं माप. पाणी कमी व्हायला लागलं की साखर ताळ्यावर येतेय समज. आठवड्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहा, मग एकटी, वजाबाकी वहीत.

विजेचं आपल्याकडे काय सांगू. मे महिन्यात पहिला वळवाचा पाऊस वाजला की दिवे जातात. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवं, आणि गोठलं तर वाया. म्हणून फ्रीझरच्या खाली चिकटून नको आणि दारातही नको, दाराची दिवसभर उघडझाप होते. मधल्या फळीवर ठेव. काही तास वीज गेली तर फ्रिज उघडू नकोस, काही होत नाही. जास्त वेळ गेली तर थर्मासमध्ये बर्फ, वर जाड कपडा, त्यावर बाटली. बर्फाला बाटली टेकता कामा नये. मातीच्या मडक्याचा उपाय कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात छान चालतो. आपल्या दमट हवेत मडकं तितकं गार पडत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस. पावसाळ्यात वाळवंटीला पाणी चढून रस्ता अडला तर पंचाईत नको म्हणून एक जास्तीची बाटली आणि सिरिंजचं पाकीट मृगाआधीच आणून ठेव. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत. पंचायतीच्या कचऱ्याच्या पिशवीत सुटी सुई टाकलीस तर ती उचलणाऱ्या बाईच्या हाताला लागेल.

शेजारी सल्ले देतील. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी. आपण घेतो, बोक्याला नको. तुझ्या सासऱ्यांच्या साखरेच्या गोळ्या नकोत. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही नको, एका गोळीने मांजर मरतं. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात मांजराच्या मधुमेहावर पहिली तोंडाने घ्यायची गोळी मान्य झाली, ती मागवू का असं तुझा मुंबईचा दीर विचारील. ज्या मांजराला आधीपासून इन्सुलिन चालू आहे त्याला ती देत नाहीत. विषय संपला.

आणि कोणी तरी म्हणेलच, एका मांजरासाठी एवढं? माणसाला कोणी करत नाही. त्यांना टोरांटोची गोष्ट सांग. १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन आधी कुत्र्यांवर पाहिलं. त्यांतली मार्जरी नावाची कुत्री त्यामुळे कित्येक आठवडे जगली. त्यानंतर जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते टोचलं. पुढे साठेक वर्षं जगभरातल्या माणसांनी डुकराच्या आणि गाईच्या ग्रंथीतून काढलेलं इन्सुलिन घेतलं. मांजराच्या आणि गाईच्या इन्सुलिनमध्ये तर एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे. माझ्या स्वतःच्या सुईमागेही ती कुत्री आहे, असं मी तरी मानते. उसनं कधी तरी फेडायला हवं.

काही मांजरांची साखर, लवकर उपचार आणि पिठाशिवायचं जेवण मिळालं तर, इन्सुलिनशिवायही ताळ्यावर राहू लागते. तसं झालं तर आनंद कर, पण पेजेची वाटी पुन्हा काढू नकोस. पाणी आणि वजन लिहिणं चालू ठेव, रक्त अधूनमधून बघ. साखर परत येऊ शकते. नाही झालं तसं, तर वर्षानुवर्षं सुईवरही मांजर सुखाने राहतं.

राहिलं एक. तू एकटी शिकून भागणार नाही. तुला ताप येईल, माहेरी जावं लागेल, तुझे सासरे आषाढीला वारीत चालायला लागले की नवराही त्यांच्यामागे जाईल. सुई टोचणारा दुसरा माणूस आधी ठरव, मग बोका आण. फ्रिजच्या दारावर कागद लाव: इन्सुलिनचं नाव, सिरिंजच्या टोपणाचा रंग, डोस, डॉक्टरांचा फोन, जेवला नाही तर काय करायचं. येत्या सोमवारी सांखळीला बाजाराला येशीलच, जाऊबाईंना बरोबर घेऊन कारापूरला ये. येताना नारिंगी टोपणाच्या दोन नव्या सिरिंज आणि एक संत्रं आण. साध्या पाण्याने तुम्ही दोघींनी आधी संत्र्याला टोचून बघायचं. जाऊबाईंचा हात थरथरला तर थरथरू दे, माझाही पहिल्यांदा थरथरला होता. घाईने येऊ नका, जेवूनच जा.